झुंबरबाईंची भाडेकरू

माझी आई झुंबरबाई वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी घरमालकीण झाली आणि त्यानंतर चार महिने आमच्या गावाला तिनं दुसरा विषय म्हणून मिळू दिला नाही. पिठाच्या गिरणीत, दूध डेअरीवर, एकदा तर दहाव्याच्या जेवणातसुद्धा तिनं काढलंच, "आमच्या नगरच्या फ्लॅटमधी नर्सबाई ऱ्हात्यात." लोक मागं हसत असतील, हसोत. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावातून पिढ्यान्पिढ्या माणसं ऊस तोडायला जातात. तिथल्या बाईनं नगरला, सावेडीत, फ्लॅट घेऊन तो भाड्यानं द्यावा ही काही लहान गोष्ट नाही. तिनं डफ वाजवून सांगितलं असतं तरी माझी हरकत नव्हती.

आई आणि अण्णांनी बावीस हंगाम ऊस तोडला. त्यातल्या आठव्या हंगामात, कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, मी जन्मले. पुढं आईनं कोयता खाली ठेवला आणि गाई धरल्या. मी तलाठी झाले. मग दोघींनी मिळून फ्लॅट घेतला, पण कागद तिच्या एकटीच्या नावावर. तो माझा हट्ट होता. तिथं मी तीन वर्षं राहिले, मग माझी बदली कर्जतला झाली आणि फ्लॅट रिकामा पडला.

भाड्यानं द्यायचं म्हटल्यावर उपदेशाला तोटा नव्हता. सोसायटीचे सेक्रेटरी सहादेवराव जिना चढून खास सांगायला आले, की करार अकरा महिन्यांचाच करा, पोलिसांत कळवा, भिंतीला खिळे ठोकू देऊ नका, नळांचे फोटो काढून ठेवा, आणि भाडेकरूला पहिल्या दिवसापासून धाकात ठेवा. आईनं सगळं मान हलवून ऐकलं. मग राजेश्वरी घर बघायला आली. नवरा फौजेत, राजस्थानात. ती स्वतः एका दवाखान्यात नर्स. आईनं तिला एकच प्रश्न विचारला, "जेवलीस का?" ती नाही म्हणाली, आणि घर तिला मिळालं.

कराराच्या दिवशी एजंट लॅपटॉप आणि अंगठा घ्यायचं मशीन घेऊन आला. आईचा उजवा अंगठा मशीन काही घेईना. हात धुतले, पुसले, पाच वेळा दाबून झालं.

"मावशी, अंगठ्यावर रेषाच नाहीत तुमच्या," एजंट म्हणाला.

"कुठनं ऱ्हातील? कारखान्याला दिल्या," आई म्हणाली आणि डावा अंगठा पुढं केला. तो लागला. मी गॅलरीत जाऊन रडून आले, खोटं कशाला बोलू.

इथपर्यंत सगळं झकास होतं. पुढचं मला कळलं ते राजेश्वरीच्या फोनवरून, तेही चार महिन्यांनी.

आई दर मंगळवारी सकाळच्या एसटीनं नगरला जात होती. पिशवीत बाजरीचं पीठ, दही, कधी हरभऱ्याची कोवळी भाजी. दुसरी चावी तिच्याकडं होतीच. दार उघडायची, आत जायची, झाडू मारायची, मसाल्याचा डबा तिला वाटेल त्या फळीवर ठेवायची, दोरीवरचे कपडे घडी करायची. राजेश्वरीची महिन्यातले तीन आठवडे रातपाळी. सकाळी नऊला येऊन ती झोपायची. एकदा जाग आली तर कुणीतरी तिच्या पायांवर गोधडी टाकत होतं. ती किंचाळली. आई म्हणाली, "भ्यायला काय झालं? मीच हाय."

आईचं काय चुकत होतं हे तिला कुणी समजावलं असतं तरी पटलं नसतं. कोपीला दार नसतं. पुढं एक गोणपाट लटकवायचं, तेच दार. बारा-पंधरा कोप्या एका रांगेत असतात. कुणीही कुणाच्यात डोकावतं, रडणारं पोर उचलतं, चुलीवरचं कालवण हलवून जातं. दिवसा गोणपाट खाली सोडलेलं दिसलं, की आत आजारपण तरी आहे नाहीतर भांडण तरी, असं धरून सगळ्या बाया धावत येतात. आईनं अर्धं आयुष्य अशा घरांत काढलेलं. बंद दार बघून परत फिरायचं असतं, हे तिला कोण शिकवणार?

"ताई, काकू फार मायाळू आहेत, म्हणूनच तोंडावर सांगवत नाही," राजेश्वरी म्हणाली. "पण मला झोप लागत नाही. मंगळवार नसला तरी कान दाराकडं असतात. रात्री वॉर्डात डुलकी आली तर पेशंटचं काय होईल? मी दुसरी खोली बघितलीय. एक तारखेला सोडते."

मी आईला फोन लावला. ती जी भडकली!

"माझं घर सोडून जानार? माझ्यात काय खोट काढली तिनं? दही नेऊन देते, झाडून देते. कोन मालकीन करती एवढं?"

"न सांगता आत जायचं नाही आई. बेल वाजवायची. ती हो म्हणाली तर जायचं."

"माझ्या घराची बेल मी वाजवायची? भिकारनीवानी दारात हुबं ऱ्हायचं?"

माझाही पारा चढला. मी तिचीच मुलगी. "मग तळावरचा मुकादम काय वेगळं म्हणायचा?" मी म्हणाले. "टोळी माझी, कोपी माझी, गोणपाट उचलायला विचारू कुणाला? मी तीन दिवसांची होते. तू मला अंगावर घेऊन बसली होतीस आणि त्यानं पहाटे गोणपाट वर केलं, किती दिवस पडून राहणार म्हणून. तूच सांगितलंस ना मला? हा फ्लॅट बघायला गेलो, तेव्हा तू ना किचन बघितलंस ना हवा. आत जाऊन आधी दाराला कडी घालून बघितलीस. ते सगळं तुझ्यापुरतंच होतं का?"

फोन कट झाला.

बोललेलं मागं घेता येत नाही. मुकादमाची उपमा मी माझ्या आईला दिली होती, आणि ती खोटी नव्हती, म्हणून जास्तच लाज वाटत होती. दोन दिवसांनी अण्णांचा फोन आला. "काय बोलली गं तू तिला? गाईंशीबी बोलंना झालीय." आणि मंगळवारी सकाळी पुन्हा, "आश्विने, ती गेली नगरला. पिशवी घेऊन गेली. मी इचारलं तर माझ्याकडं बघितलंबी न्हाई."

आता तिथं जाऊन ही राजेश्वरीला फैलावर घेणार, या धास्तीनं मी रजा टाकली आणि कर्जतहून मिळेल त्या गाडीनं निघाले. सोसायटीत पोचले तेव्हा दीड वाजला होता. धापा टाकत तिसरा मजला गाठला.

आई जिन्याच्या पायरीवर बसली होती. पिशवी मांडीवर. समोर आमचं दार बंद, आणि शेजारी सहादेवराव उभे.

"अहो, मालकीण तुम्ही," ते सांगत होते. "चावी आहे ना? मग उघडा की. एकदा भाडेकरूला डोक्यावर बसवलं की..."

"सहादेवराव, हळू बोला," आई म्हणाली. "आत मानूस झोपलंय."

ते माझ्याकडं बघत, खांदे उडवत खाली गेले. मी तिच्या शेजारी बसले.

"कधी आलीस?"

"धाला."

"साडेतीन तास? बेल तरी वाजवायची."

"रातपाळीचं मानूस. बेलनं उठंल की गं." मग दाराकडं बघत, "लई लागलं बघ मला तू बोलली ते."

"माझं चुकलं."

"न्हाई. बरूबर हुतं." एवढंच म्हणून तिनं पिशवीतलं दही सांडलं तर नाही ना ते बघितलं.

दोनच्या सुमाराला आत नळाचा आवाज आला. आईनं उठून पदर सारखा केला, चपला बाहेर काढल्या आणि मग बेल दाबली. राजेश्वरीनं दार उघडलं. आम्हाला बघून तिचा चेहरा पडला.

"येऊ का?" आई म्हणाली.

"अहो काकू... या ना."

आई खुर्चीच्या कडेवर बसली, पाहुणी बसते तशी. कमरेची चावी काढून तिनं टेबलावर ठेवली. "ही तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. काय गळलं, मोडलं तर फोन कर, मी इचारून येईन. जायचं ठरलं आसंल तर आडवनार न्हाई. पन माझ्या घरात तुला झोप लागली न्हाई, आसं कुटं सांगू नको बये. आठ दिस बघ झोपून. मग जा."

राजेश्वरी चावीकडं बघत उभी राहिली. आत जाऊन तिनं चहा टाकला आणि तिथूनच विचारलं, "काकू, साखर किती?" कप हातात देताना म्हणाली, "त्या खोलीवाल्यांना मी नको म्हणून कळवते." आईनं नुसती मान हलवली, पण बशीतला चहा तिनं एका घोटात संपवला, तोंड पोळलं तरी.

संध्याकाळच्या पाथर्डी गाडीत मी तिला बसवून दिलं. खिडकीशी बसली. शेजारच्या बाईनं विचारलं, नगरला दवाखान्यासाठी आलता का. मी खाली उभी होते, सगळं ऐकू येत होतं.

"दवाखाना कशाला? माझा फ्लॅट हाय हितं," आई म्हणाली. "नर्सबाई ऱ्हात्यात. आज दोन वाजेपातुर झोपल्या. माझ्या घरात झोपलेल्या मानसाला उठवायची कुनाची टाप न्हाई."