सपाट नकाशावरचं माप

आमच्या ह्यांच्या गळ्यात टेप कायमची. शिंपीकाम करून करून माणसाला वेडच लागलंय, दिसेल ते मोजायचं. पण गेल्या महिन्यात त्यांनी जे मोजलं, त्यानं माझा जीव टांगणीला लावला.

माझ्या पोटातली गाठ काढायची होती. डॉक्टर म्हणाले, काही होणार नाही. म्हणायला त्यांचं काय जातंय! मला भूल द्यायच्या आधी माझी पोरगी डोळ्यांनी बघायची होती, बस्स. आणि ती पार जगाच्या दुसऱ्या टोकाला. आदल्या दिवशी तिचा निरोप आला, "आई, थेट विमानात जागा मिळाली. निघतेय." त्यानंतर फोन बंद.

हे लगेच दुकानात भिंतीवरच्या नकाशापुढे स्टूल टाकून उभे. टेपचं एक टोक तिच्या विमानतळावर धरलं, आपल्या विमानतळापर्यंत ताणली. खाली छापलेल्या मैलांच्या पट्टीवरून अंतर काढलं, त्याला विमानाच्या वेगानं भागलं आणि दवाखान्यात येऊन तोंड पाडून म्हणाले, "उद्याची दुपार होईल गं तिला. तोवर तुला आत नेलेलं असेल."

"अहो, विमान कंपनीला तरी विचारा!"

"विचारायचं काय त्यात? टेप कधी खोटं बोलते का?"

असा संताप आला! मी भिंतीकडे तोंड केलं आणि गुपचूप उशी भिजवली.

सकाळी मला हिरवा झगा चढवला. स्ट्रेचर आलं. नर्स "चला मावशी" म्हणतेय, तोच बाहेर बॅगेच्या चाकांचा खडखडाट. केस पिंजारलेले, डोळे सुजलेले, माझी लेक! मी तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. छातीवरचा धोंडा उतरला बघा.

ह्यांना मात्र पटेना. "अगं, तू अजून समुद्रावर असायला हवीस!"

"समुद्रावरून कशाला येऊ, बाबा? विमान वर उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाच्या बाजूनं वळून येतं. जवळ पडतं." तिनं त्यांच्या गळ्यातली टेप ओढली, आधी त्यांच्या पोटाला गुंडाळली, मग मानेला. "घेर कुठला कमी?"

"मानेचा."

"पृथ्वीचंही तसंच. वर घेर कमी. तुमच्या नकाशात मान आणि पोट एकाच मापाची काढलीयत."

"अगं बाई!" मी म्हटलं, "जन्मभर ढेऱ्यांची मापं घेतलीत, आणि पृथ्वी तेवढी सपाट धरलीत?"

नर्स खो खो हसली. गिऱ्हाइकापुढे कधी चूक कबूल न करणारे हे, खाली मान घालून म्हणाले, "चुकलं गं माझं माप." आणि टेपच्याच टोकानं डोळे पुसले.

स्ट्रेचर निघालं. दारापर्यंत पोरीचा हात माझ्या हातात होता. भीती कुठे पळाली कोण जाणे. आत जाता जाता मी ओरडले, "अहो, मी कधी बाहेर येईन ते मोजत बसू नका! पोरीला आधी काहीतरी खायला घाला."