पाच अक्षरी शब्द, क्यू हवाच

मी क्यू बोलतोय. इंग्रजीतला धाकटा, म्हणजे स्मॉल क्यू. शिशाचा, बोटाच्या पेराएवढा. छापखान्यात आम्हाला खिळे म्हणतात. तुम्ही माझा ठसा पाहिला असेल, तोंड पाहिलेलं नाही. कागदावर माझं गोल पोट काठीच्या डावीकडे असतं. माझ्या तोंडावर ते उजवीकडे आहे, कारण छापताना सगळं फिरतं. मला हातात घेऊन पाहाल, तर मी तुम्हाला पी वाटेन.

मुंबईला ओतला जाऊन मी एकोणीसशे अठ्ठावीस साली सोलापूरच्या एका छोट्या छापखान्यात आलो. लाकडी पेटीत प्रत्येक अक्षराला एक खण होता. ईच्या खणात दाटी, एच्या खणात दाटी. माझ्या खणात मी एकटा. लग्नपत्रिका आणि चादरीच्या जाहिराती छापणाऱ्या गावात क्यूचं काम ते काय? शेजारच्या खणांतून बोटं सारखी ये-जा करायची. माझ्याकडे सहा-सहा महिने कोणी फिरकत नसे. गिरणीचा भोंगा वाजला की दिवस गेला, एवढंच कळायचं.

खिळे जुळवणारे वीरभद्रप्पा. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण वीस वर्षांत शब्दांचे चेहरे ओळखीचे झाले होते. एकदा चिंतामणी मास्तरांनी मुलांसाठी इंग्रजी शब्दांचं पुस्तक छापायला आणलं. चार अक्षरी शब्द वेगळे, पाच अक्षरी वेगळे. त्यांतही कोणत्या शब्दात कोणतं अक्षर येतं, त्याप्रमाणे लावलेले. एका पानावर फक्त पाच अक्षरी, क्यू असलेले: इक्वल, क्वीन, क्विक, क्वाएट.

“मास्तर, क्यू एकच हाय,” वीरभद्रप्पा म्हणाले.

“मग कसं हो?”

“बाकीच्या जागी बी अक्षर उलटं हुबं करतो की. कोन बघतंय!”

मला इक्वलमध्ये बसवलं. इक्वल म्हणजे समान.

छापून झालेली खिळ्यांची पानं वीरभद्रप्पा सुतळीने बांधून, पेटीसकट घरी न्यायचे. ती मोडून खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकायचं काम त्यांची बहीण दाक्षायणी करी. वय बावीस. नवऱ्याने दुसरी केली, म्हणून ती माहेरी आली होती. आणि आता सवतीचं बाळंतपण करायला तिला दिवाळीनंतर दुधनीला परत न्यायचं, असा सासरचा निरोप आला होता. माणसाला न्यायचं की खिळा उचलायचा, काही फरकच नाही यांना!

तिने शाळा पाहिली नव्हती. पण पान मोडण्याआधी ती विचारायची, “अण्णा, ह्ये काय?” आणि अण्णा सांगायचे. ती मला चिमटीत धरून तोंडाकडे बघायची. “क्यू,” म्हणायची आणि पाटीवर मला काढायची, मी आहे तसा, पोट उजवीकडे. माझ्या ठशाला नव्हे, मला पाहून माझं नाव घेणारं ते पहिलं माणूस. खिळ्यांच्या पानावर ओळी उजवीकडून डावीकडे जातात, तशाच तिच्या पाटीवर गेल्या. वीरभद्रप्पांची नजर वीस वर्षं उलटं वाचण्यात मुरलेली. त्यांनी पाटी पाहिली आणि म्हणाले, “शाब्बास! एक चूक न्हाय.”

बायकांच्या एका दवाखान्याला शिकाऊ नर्स हव्या होत्या. राहायची सोय तिथेच. बाटल्यांवरची इंग्रजी नावं वाचता यायला हवीत, एवढी एकच अट. मुली पारखून नावं कळवायचं काम चिंतामणी मास्तरांकडे होतं. शुक्रवारी सकाळी ते घरी आले. मी पाटावरच्या पेटीत होतो.

“पाच अक्षरी शब्द लिही,” मास्तर म्हणाले. “क्यू हवाच.”

दाक्षायणीने न थांबता चार शब्द लिहिले. मास्तरांनी कागद पाहिला आणि मोठ्याने हसले.

“वीरभद्रप्पा, बहिणीला उर्दू शाळेत घातली होती काय? उजवीकडून लिहिते!”

“बरोबर हाय की, मास्तर. इक्वल, क्वीन…” वीरभद्रप्पा बोलता बोलता थांबले. चेहरा उतरला. “माझीच चूक. लई मोठी. तिनं खिळंच वाचलं. छापल्याला कागद मी घरी आनलाच न्हाय.”

“मग मी काय करू? पीला क्यू वाचणारी बाई औषधं देणार? माणूस मारील.” मास्तर उठले.

दाक्षायणीने कागद उचलला, दारातल्या उन्हासमोर धरला आणि कोरी बाजू मास्तरांकडे केली. आरपार दिसणारे शब्द सुलट झाले होते.

“शब्द मोजा, मास्तर. अक्षरं मोजा,” ती म्हणाली. “एक तरी चुकलंय?”

मास्तरांनी बोटाने एकेक अक्षर मोजलं. मग म्हणाले, “सोमवारी नावं कळवायची आहेत. तोवर सुलट लिहिता आलं, तर बघू.”

त्या दिवसापासून तिने खिळ्यांना हात लावला नाही. “त्येंच्याकडं बघितलं की हात उलटा वळतोय, अण्णा,” ती म्हणाली. आमची पेटी भिंतीकडे तोंड करून ठेवली. तीन दिवस मला फक्त पाटीवर पेन्सिलीची करकर ऐकू आली. ती चुकायची, चिडायची, थुंकी लावून पुसायची. सोमवारी ती मास्तरांकडे गेली आणि दुपारी धावत आली, ती ट्रंक भरायलाच. पेटीकडे वळून पाहायला तिला सवड झाली नाही. होऊही नये.

वर्षाने ती सुटीवर आली. पांढरं लुगडं, पायांत चपला, बोलण्यात ऐट. भावाशी गप्पा मारताना पेटी जवळ ओढून सहज खणांत बोटं फिरवू लागली. माझ्या खणाशी थांबली. मला चिमटीत उचललं, अगदी पूर्वीसारखं. तोंडाकडे पाहिलं.

“अगं बाई! अण्णा, ह्यो पी हितं कुटं आला?” असं म्हणून तिने मला पीच्या खणात टाकलं. सुलट वाचायला शिकलेल्या डोळ्यांना मी पीच दिसणार.

वीरभद्रप्पा हसत होते. त्यांचं लक्ष नव्हतं.

आता एकोणीसशे चौतीस. मी अजून पीच्या गर्दीत आहे. क्यू लागला की वीरभद्रप्पा मुकाट्याने बी उलटा करतात. माझ्यावाचून कोणाचं अडत नाही. कधी तरी पी समजून मला उचलतील आणि एखाद्या छापील ओळीत तुम्हाला पीच्या जागी क्यू दिसेल. हसा खुशाल. पण एवढं करा: छापखान्याला पत्र लिहून ती चूक कळवू नका.