पेन्सिलीची नोंद

“ताई, या एआय मशीनला स्वतःचं काहीच आठवत नाही,” टेबलाखाली वाकून वायर खोचत चष्मेवाला इंजिनिअर म्हणाला. “प्रश्न आला की हा सर्व्हर लागेल तेवढी माहिती शोधून मॉडेलपुढे ठेवतो. मग ते उत्तर देतं.”

“म्हणजे साहेबांपुढे मी फाइल ठेवते तसं.”

“अगदी!”

“मग याचा चहा वेगळा सांगू, की साहेबांच्यातलाच अर्धा?”

लिफ्ट-दुरुस्तीच्या त्या ऑफिसात ताई सव्वीस वर्षं फोन घेत होत्या. प्रत्येक लिफ्टचं जाड पुठ्ठ्याचं कार्ड असे. मेकॅनिक ते बरोबर नेत, काम आटोपलं की तेलकट हातांनीच त्यावर नोंद करत. आता त्या सगळ्या नोंदी स्कॅन होऊन सर्व्हरमध्ये गेली. कार्डं चार पोत्यांत भरून जिन्याखाली. शनिवारी रद्दीवाला येणार होता.

शुक्रवारी सकाळी लंबू मेकॅनिकचा फोन आला.

“ताई, बाजारामागची जुनी लिफ्ट. मशीनला विचारलं, म्हणते विशेष नोंद नाही. मेन स्विच पाडलाय. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरतोय, तेवढं दोराचं माप सांगा.”

ताई ताडकन उभ्या राहिल्या. “उतरू नकोस! पाय बाहेर काढ आधी! तिथं जनरेटर आपोआप सुरू होतो रे!”

फोनमधून घरघर ऐकू आली. मग वरचा डबा खाली येऊन धाडकन थांबल्याचा आवाज. मग काहीच नाही.

“लंबू? अरे मेल्या, बोल की!”

“बाहेर आहे,” तो कसाबसा म्हणाला. “ताई, बाहेर आहे मी.”

ताईंनी जिन्याखाली बसून पोती उसवली आणि त्या लिफ्टचं कार्ड घेऊन तडक साहेबांची केबिन गाठली. तिथे बसलेल्या इंजिनिअरने कार्ड उजेडात तिरकं धरलं. “स्कॅनरला डाग पुसायला सांगितलं होतं,” तो पुटपुटला. “जनरेटरची ही नोंद पेन्सिलीची, फिकी होती. तेलाबरोबर तीही गेली.”

साहेब वैतागले. “इतकी महत्त्वाची गोष्ट पेन्सिलीने लिहितात? पेनं देत नव्हतो का आपण?”

ताईंनी कार्ड त्यांच्यापुढे सरकवलं. “लिहा की. तुमच्याच पेनने.”

साहेबांनी एकदा रेघ ओढली, दोनदा गिरवली. तेलकट पुठ्ठ्यावर नुसता ओरखडा उठला.

“हे आपल्या जुन्या मेकॅनिकचं, उस्तादचं अक्षर आहे,” ताईंचा आवाज चढला. “याच लिफ्टने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. पट्टी बांधून आला आणि डाव्या हाताने हे लिहिलं, पुढच्याची जाऊ नयेत म्हणून. माणूस गेला आता. त्याचं हे एवढं उरलंय, आणि त्याला तुम्ही डाग म्हणता?”

“बरं, बरं. पुढच्या महिन्यात पुन्हा स्कॅन करू.”

“पुढच्या महिन्यात? आज दुपारी खड्ड्यात कोण उतरणार आहे, तुम्ही?”

इंजिनिअर उठून खाली गेला आणि एक पोतं खांद्यावर टाकून वर घेऊन आला. मग त्याने ताईंना टाइप कुठे करायचं ते दाखवलं.

एका बोटाने एकेक अक्षर शोधत ताईंनी कार्डावरची सूचना भरली. खालच्या चौकटीत, नोंद कोणाची, तिथे मशीनने स्वतःच ‘स्कॅनर’ लिहून ठेवलं होतं. ताईंनी ते खोडलं.

मग फोन उचलून त्यांनी मशीनला त्याच लिफ्टबद्दल विचारलं.

“मेन आणि जनरेटर, दोन्ही बंद करा, मगच उतरा,” मशीन गुळगुळीत आवाजात म्हणालं. “नोंद: उस्ताद, डाव्या हाताने.”

ताईंनी चष्मा पदराने पुसला आणि पोत्यातून पुढचं कार्ड काढलं.