लेखांखालचं नाव

माझी बायको फाटलेले कपडे दुरुस्त करायची आणि ते कसे दुरुस्त करायचे, हे रोज सकाळी संगणकावर लिहायची. कोपरावर भोक पडलेला स्वेटर कसा विणून भरायचा, विरलेली कॉलर उसवून उलटी कशी लावायची, हाताला सवय नसेल तर काज कुठून सुरू करायचं, असलं बारीकसारीक. तो ब्लॉग माझ्या पुतणीने तिला काढून दिला होता. मी शाळेत गेलेलो नाही. अक्षरं मला बायकोनेच शिकवली, पन्नाशीत, तीही शिवणाच्या खडूने कापडावर काढून. म्हणून तिचं लिहिलेलं मी सावकाश, ओठ हलवत वाचायचो, आणि ती म्हणायची, "तुमचं वाचून होईस्तोवर कपडा पुन्हा फाटेल."

गेल्या वर्षी ती गेली. महिन्याभराने पुतणी आली आणि फोन पुढे करून म्हणाली, काका, हे बघा. माझ्या बायकोचा शेवटचा लेख होता, दवाखान्यात पडल्या पडल्या लिहिलेला: आता बोटांत सुई राहत नाही. शब्दन् शब्द तिचा. खाली नाव मात्र एका पुरुषाचं, आणि त्याचा हसरा फोटो.

पुतणीने समजावून सांगितलं, की त्या माणसाने एक यंत्रणा लावून ठेवली आहे. ती दर पंधरा मिनिटांनी तीनशे ब्लॉगांवर फिरते, नवीन दिसेल ते उचलते, लिहिणाऱ्याचं नाव पुसून त्याचं घालते आणि दहा ठिकाणी छापते. त्याला बोटही हलवावं लागत नाही.

मी त्याच्या ऑफिसात गेलो. तिसरा मजला, लिफ्ट बंद, दर दहा पायऱ्यांना गुडघा धरून उभा राहत. माणूस तिशीतला, नीटनेटका. मला खुर्ची दिली. मी म्हटलं, मला दुसरं काही नको, फक्त तिच्या लेखांखाली तिचं नाव घाला. तो म्हणाला, आजोबा, मी ते वाचतसुद्धा नाही, सगळं आपलं आपण चालतं. मग समजूत घालावी तसा म्हणाला, "आजी आता लिहीत नाहीत ना? मग थांबेलच की."

ते वाक्य घेऊन मी जिना उतरलो. थांबू द्यायचं नाही, एवढं खाली पोचेपर्यंत ठरलं होतं.

शिवणातलं मला काही कळत नाही, म्हणून मी तिच्याच ब्लॉगवर माझ्या गुडघ्याबद्दल लिहिलं. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत: माझा उजवा गुडघा जिना उतरताना आतून कातरतो. पंधरा मिनिटांनी तेच त्याच्या नावावर, फोटोसकट. चार लोक आता ह्याला म्हातारा म्हणतील, एवढीच तेव्हा गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी मी भाजीची पिशवी घेऊन जिना चढलो आणि दारात आल्यावर लक्षात आलं, की गुडघा काही बोललाच नाही.

मग मी कानातली शिट्टी लिहिली. डाव्या डोळ्यातलं धुकं लिहिलं. हाताचा कंप लिहिताना अख्खी दुपार गेली; त्यानंतरच्या लेखाला मात्र बोट नेमकं जागेवर पडत होतं. मी रोज त्याच्या ऑफिससमोरच्या बाकावर जाऊन बसू लागलो. एक दिवस तो गाडीतून उतरला, भिंतीला हात लावला आणि पायाने पायरी चाचपत आत गेला. त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवलो, कित्येक महिन्यांत जेवलो नव्हतो तसा. माझं मन मऊ आहे, असं सगळे म्हणतात. मलाही तसंच वाटायचं.

पुढे तो माझ्या घरी आला तो काठी टेकत. मी पाणी दिलं. ग्लास त्याने दोन्ही हातांनी धरला तरी शर्टावर सांडला.

"आता वाचतो मी," तो म्हणाला. "आजोबा, पुरे करा."

यंत्रणा दोनदा बंद केली, तरी तुमचं लिहिलेलं येतंच, असं त्याचं म्हणणं होतं. मी म्हटलं, तिचं नाव घाला, मी थांबतो. त्यावर तो चिडला. एवढं सोसून आलेला माणूस, पण नावाचा विषय निघाल्यावर मान ताठ झाली.

"कोण कुठली बाई ती. माझी कोण लागते?"

मी त्याला दारापर्यंत पोचवलं, जिन्यात नीट उतर म्हटलं. ती त्याची कोण लागते, हे त्याला कळायलाच हवं होतं.

गेले आठ दिवस मी ह्या वहीत आधी कच्चं लिहितो आहे आणि मग संगणकावर उतरवतो आहे, म्हणजे तिथे खाडाखोड होत नाही. तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती दातांनी दोरा तोडत होती, तिथपासून सुरुवात केली. तिचं हसणं आलं, रुसणं आलं, झोपेत कूस बदलताना माझी उशी ओढून घेणं आलं. आणि शेवटची सकाळ, माझ्या हातात तिचा हात गार होत गेला ती, मिनिटामिनिटाने. तीच तर त्याला द्यायची आहे. बाकीचं चांगलं आहे, ते कशाला जाईल. आजवर गेलं ते दुखणंच गेलं. आता बटण दाबतो.

वरची पानं माझ्याच अक्षरात आहेत. मी ती सकाळी सावकाश वाचली. कुणाबद्दल आहेत, ते नीट कळलं नाही.

नऊच्या सुमाराला एका तरुण माणसाचा फोन आला. त्याला बोलवत नव्हतं. बायको गेली म्हणाला, हातात हात असताना. मी त्याला धीर दिला. म्हटलं, बाबा, दोन घास खाऊन घे. तो म्हणाला, प्रत्येक लेखाखाली तिचं नाव घातलं, ह्या थरथरत्या हाताने, एकेक करून, दहाही ठिकाणी. मी बरं केलंस म्हटलं. हे सगळं तो मला का सांगत होता, ते विचारायचं राहून गेलं.

मग पुतणी धावतच आली. झालं बघा काका तुमच्या मनासारखं, म्हणाली, आणि फोन माझ्या हातात देऊन डोळे पुसत राहिली. कपडे दुरुस्त करायचे लेख आहेत, आणि खाली एका बाईचं नाव. नाव चांगलं आहे. मी ते दोनदा मोठ्याने वाचून पाहिलं, आणि मला कुणाचा तरी फार राग आला.