थोरली यायची वेळ

“ताई, ती चादर टाकू नकोस हं! तिच्या मधल्या शिवणीवर मी दहा वर्षं झोपलोय,” धाकटा दारातूनच ओरडला.

थोरलीनं चादर परत खुर्चीवर ठेवली. सकाळपासून हेच चाललं होतं. आईला जाऊन चार दिवस झाले होते, कपाट रिकामं करायचं होतं आणि दर दोन वस्तूंमागे कुणाला तरी भरून येत होतं. भरून येण्याला तिची ना नव्हती. पण कपाट काही रिकामं होत नव्हतं आणि तिच्या पायांनी आता साफ नकार दिला होता.

“टोचायची तुला ती शिवण. रडायचास,” मधली पलंगावरून म्हणाली.

“रडतोय कसला! मुकाट झोपायचो. आईपुढे कुणाची टाप होती?”

खरंच नव्हती. आई इस्पितळाच्या धुलाईघरात शिवणकाम करायची. चादर मधोमध विरली की ती उभी फाडायची, धड राहिलेल्या कडा मध्ये आणून जोडायची आणि विरलेला भाग बाहेरच्या बाजूला जाऊ द्यायची. चादर आणखी दहा वर्षं निघायची. घरातही तिनं हेच केलं. नवरा गेला तेव्हा पदरात तीन पोरं, थोरली जेमतेम अकराची. रडत बसायला बाईला सवडच झाली नाही. एकाच ताग्यातून तिघांचे कपडे बेतायची आणि उरलेल्याचा पडदा. शाळेत तिघांना बँडवाले म्हणायचे. तोंडात सदा टाचण्या, म्हणून आई बोलायची कमी आणि हुंकारायची जास्त. कुठला हुंकार शाबासकीचा आणि कुठला पाठीत धपाटा येण्याआधीचा, हे पोरं बरोबर ओळखायची.

गल्ली तिला टाचणीआई म्हणायची आणि अडलंनडलं की तिच्याच दारात यायची. एका मुलीचा झगा लग्नाच्या आदल्या दिवशी इस्त्रीनं जळला, तर आईनं जळक्या जागेवर खिसा लावून दिला. खिसेवाली नवरी म्हणून लोक हसले खरे, पण पुढच्या वर्षी तिघी जणींनी खिसा मागून घेतला.

हे सगळं आठवून दोघं हसली, डोळे पुसले. मग धाकट्यानं विचारलंच, “शेवटी शेवटी माझी आठवण काढायची का गं?”

थोरली याच प्रश्नाला चार दिवस भीत होती. दोघंही लांब राहणारी. दर रविवारी फोन यायचा आणि ती सांगायची, आई मजेत आहे, तुमची आठवण काढते, आत्ताच डोळा लागलाय. वर्षातून दोन दिवस दोघं यायची, तेव्हा आई त्यांच्याकडे बघून हसायची. तशी ती सगळ्यांकडेच बघून हसायची. धड होती तेव्हाच आईनं बजावलं होतं, “माझं काही झालं तर त्यांना घाबरवू नकोस. कामंधामं टाकून धावत येतील.” थोरलीनं ते पाळलं होतं आणि पाळून पाळून ती पार थकली होती. आता खरं सांगावं तर दोघं दुखावणार. न सांगावं तर हे ओझं जन्मभर एकटीनं वाहायचं.

“काढायची ना,” ती म्हणाली.

तेवढ्यात मधलीनं कपाटामागच्या खुंटीवरून एक निळा एप्रन काढला. “हा कुणाचा गं?”

“बाईचा.”

“अगं हो, आईला सांभाळायला ठेवलेली ती बाई! तिला बोलावून घे ना, ताई. हातात काहीतरी देऊ या. खरं म्हणजे सगळं तिनंच केलं.”

थोरली खाली बसली. “बाई दोन महिन्यांत सोडून गेली.”

“मग?”

“मग मीच. एप्रन राहिला होता तिचा. अंघोळ घालताना कपडे भिजतात म्हणून मी घातला, तर आई म्हणाली, ‘या बाई.’ मला वाटलं, चेष्टा करतेय. ‘आई, मी आहे’ म्हटलं की बिथरायची, गोळ्या थुंकायची, अंगाला हात लावू द्यायची नाही. बाईचं मात्र सगळं ऐकायची. म्हटलं, चला, बाई तर बाई. अडीच वर्षं झाली त्याला.”

“म्हणजे... तुला ओळखत नव्हती?” धाकट्याचा आवाज चढला. “आणि आम्हाला? आम्हाला सांगितलं का नाहीस तू?”

“सांगून काय केलं असतंस रे? आला असतास, दोन दिवस रडला असतास आणि गेला असतास. मग तुलाही सावरत बसले असते मी!”

मधलीनं एप्रन मांडीवर घेतला.

“माझी आठवण मात्र रोज काढायची,” थोरली हळूच म्हणाली. “संध्याकाळ झाली की दाराकडे डोळे. ‘बाई, निघा आता तुम्ही. माझी थोरली कामावरून यायची वेळ झाली.’ मग सांगत बसायची. ‘अकराची होती पोर, तिच्या कडेवर धाकट्याला देऊन मी कामावर जायचे. कधी दोन शब्द गोड बोलले नाही तिच्याशी.’ मी आपली हो हो म्हणायचे. बाईनं आणखी काय म्हणायचं?”

“ताई...” मधली तिच्याजवळ सरकली.

“शेवटच्या संध्याकाळी तिला धाप लागली होती. डॉक्टर येऊन गेले होते. तरी चाललंच होतं, थोरली आली का बघा. मला मग राहवेना. एप्रन काढला, तोंड धुतलं, केस विंचरले, पूर्वी कामावर न्यायचे ती पर्स शोधून खांद्याला लावली. बाहेर जाऊन दार वाजवलं आणि आत आले. म्हटलं, आई, आले गं मी.”

“मग? ओळखलं?”

“‘आलीस?’ म्हणाली. हात धरला माझा. ‘बाई आत्ताच गेल्या बघ. दिवसभर टेकल्या नाहीत गं. उद्या त्यांना सुट्टी दे.’”

थोरलीनं डोळे मिटले. “पहाटे गेली.”

मग थोरली उठली, आईच्या पलंगावर गेली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. दिवसाउजेडी ती कितीतरी दिवसांत आडवी झाली नव्हती. दोघांनी कपाट तसंच उघडं ठेवलं आणि बाहेर जाऊन दार लोटून घेतलं.