वन्संच्या नावाने

आत्याबाईला मिशा फुटायची आमच्या बेटावर गरज पडत नाही. मिशावाले सगळे तिच्यापुढे आधीच मान खाली घालून बसलेले असतात. बापाच्या थोरल्या बहिणीने भाचरांच्या ताटातला मासा उचलला तर तो तिचा, अंगणातलं डुक्कर मागितलं तर तेही तिचं. आणि तिने मागितलं म्हणजे विचारलं असं कुणी समजू नये. सांगितलं असं समजावं.

तोआकासेची मुलगी मेलेनाइतेबाईंनी अशीच नेली. मेलेनाइतेबाई म्हणजे तोआकासेच्या नवऱ्याची, केपुएलीची थोरली बहीण. त्या दिवशी रविवार होता, चर्च सुटलं होतं, उमूच्या, म्हणजे तापल्या दगडांच्या खड्ड्यातून काढलेलं गरम जेवण पानांवर मांडलं होतं. पोर तेव्हा चार वर्षांची. वन्सं बोटं पुसत म्हणाल्या, "लेसिएली हे नाव मीच ठेवलंय. आता तिला माझ्याकडेच राहू दे. घर ओकंबोकं वाटतं." तोआकासेने नवऱ्याकडे पाहिलं. केपुएलीच्या तोंडात अळकुडीचा घास होता, तो त्याने फार सावकाश चावला आणि गिळल्यावर मान हलवली.

संध्याकाळी पोरीचे फ्रॉक एका निळ्या पिशवीत भरून तोआकासेच घेऊन गेली. भावाने बहिणीच्या घरात पाऊल टाकायचं नाही, ही आमच्याकडची मर्यादा. त्यामुळे केपुएली जास्वंदीच्या कुंपणापाशी उभा राहिला आणि बायको रिकाम्या हाताने परत आली तेव्हा तिच्याआधी घराकडे चालू लागला. मर्यादा पुरुषांना किती सोयीची असते ते त्या दिवशी तोआकासेला कळलं.

पुढे तिने मुलगी परत मागितली ती एकदाच. मागितली म्हणजे चर्चच्या बायका चटया विणायला बसल्या होत्या तिथे हळूच विषय काढला. पोरीला शाळा आपल्या घरून जवळ पडते, एवढंच ती म्हणाली. वन्संनी हातातली पात खाली ठेवली. "नाळ तोडली म्हणून पोर तुझी झाली होय गं? तेवढं डुकरीणही करते. आणि ती तर एका वेळी दहा करते." बायका हसल्या. हसणं भागच होतं. तोआकासेही हसली, आणि हसता हसता तिच्या मनात काहीतरी कायमचं आंबून गेलं. तिला दुसरं मूल राहत नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं.

तोआकासे राजधानीत, नुकुअलोफात, एका शीतगोदामात कामाला होती. बाहेर घामाच्या धारा आणि आत लोकरी टोपी घालून थरथरायचं, अशी ती नोकरी. परदेशातून जहाजाने गोठलेलं मांस येई, त्याच्या पिशव्यांवर गोदामाची चिठ्ठी चिकटवायची. त्यातल्या त्यात तांबड्या बार्बेक्यू विंग्जच्या पिशव्यांना फार मागणी. शिजवूनच गोठवलेले कोंबडीचे पंख, गोडसर चिकट रसात बुडवलेले. भट्टीत अर्धा तास ठेवले की झालं. पिशवीच्या पुढे मोठ्या अक्षरांत 'प्रथिनांनी भरपूर' आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरांत बाकीचं. मागची अक्षरं गावात वाचणारी तोआकासे एकटीच. एका वेळचं खाणं म्हणजे चार तुकडे, असं तिथे लिहिलेलं. चार तुकडे आमच्याकडे माणूस चव बघायला खातो. पिशवीत चोवीस. तिने एकदा जेवणाच्या सुट्टीत गुणाकार केला होता. एका पिशवीत बारा चमचे साखर, दोन दिवसांना पुरेल इतकं मीठ आणि चरबी तर विचारूच नका.

त्या डुकरिणीच्या बोलण्यानंतर वर्षभराने वन्संच्या पायाचं बोट कापावं लागलं. साखर, रक्तदाब, मूत्रपिंडं, सगळंच बिघडलेलं. डॉक्टरांनी काय काय खायचं नाही त्याचा कागद दिला. वन्संनी तो चर्चच्या मंडपात सगळ्यांसमोर वारा घ्यायला वापरला आणि तोआकासेला फर्मावलं, "तुझ्या गोदामातले ते तांबडे विंग्ज घेऊन ये. दवाखान्यातलं ते पाणचट सूप पिऊन तोंडाची चव गेलीय."

तोआकासेने त्या वेळी खरं तेच सांगितलं, हे तिच्या बाजूने म्हणायला हवं. ती म्हणाली, "वन्सं, त्यात फार साखर असते. मीठही. डॉक्टरांनी नको म्हटलंय."

वन्संच्या हातातला कागद थांबला.

"तू मला नाही म्हणतेस?"

"नाही, वन्सं."

"मग?"

"आणते."

शनिवारी तिने एक पिशवी भट्टीत गरम केली, डब्यात भरली, वर स्वच्छ फडकं बांधलं आणि नेऊन दिली. इथेच सगळं संपायला हवं होतं. वन्संनी एकदाच मागितले होते. पण परत येताना कुंपणापाशी तोआकासेच्या डोक्यात एक विचार आला, आणि तो तिने झटकला नाही. आपण खरं सांगून झालंय. आता मान ठेवायचा. मान ठेवणाऱ्या भावजयीला कोण बोट लावणार? आणि घर रिकामं झालं की पोर कुठे जाईल? घरीच येईल.

पुढच्या शनिवारी कुणी न सांगता ती दोन पिशव्यांचे विंग्ज घेऊन गेली. त्याच्या पुढच्या शनिवारीही. वर जास्तीचा गोड रस ओतून, चकाकी येईल असे. वन्सं डबा दारातच घेत, तिच्याकडे जरा निरखून बघत आणि आत जात. डबा परत येई तो धुतलेला, आत हाडाचा तुकडाही नाही. तोआकासे तो नाकाशी नेऊन हुंगे. मग दिवसभर तिचं मन प्रसन्न असे.

गावात तिची वाहवा झाली. पाळकांनी प्रवचनात तिचं नाव घेतलं, की नात्याचा मान कसा राखावा हे या बाईकडून शिका. केपुएलीचा ऊर भरून आला. "ताईची एवढी सेवा माझ्या आईनेही केली नाही," तो म्हणाला. तोआकासे म्हणाली, "माझं कर्तव्यच आहे." आणि हे म्हणताना तिला जराही लाज वाटली नाही, उलट फार वर्षांनी मनासारखं काही हाताला लागल्यासारखं वाटलं.

सहा महिन्यांत वन्संचा देह उतरू लागला. चर्चला जाताना पोशाखावर कमरेला बांधायची चटई पूर्वी दोन फेऱ्यांत बसायची, आता तिला तिसरा फेरा घ्यावा लागे. गालाची हाडं वर आली. तोआकासे चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून ते फेरे मोजायची. साखरेने माणूस आतून पोखरला की असाच वाळतो, हे तिने दवाखान्यातल्या भिंतीवर वाचलं होतं. प्रार्थनेच्या वेळी ती डोळे मिटायची आणि काय मागायची ते देवाला ठाऊक.

लेसिएली मात्र अंगाने भरत होती. नऊ वर्षांची पोर बारा वर्षांची दिसे, हात गोल, गाल गोल. आमच्याकडे भरलेल्या पोराला कुणी नावं ठेवत नाही, गालगुच्चा घेऊन पुढे जातात. तोआकासेला तिच्यात एकच गोष्ट खटके. पोरीच्या मानेवर मागच्या बाजूला मळाचा काळा पट्टा होता. पांढऱ्या फ्रॉकच्या गळ्यावर तो चांगला दिसायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला राग आला, दुसऱ्यांदा मात्र आनंद झाला. चटया विणताना तिने संधी साधली. "वन्संना बरं नसतं हो. पोरीची मान घासायलासुद्धा कुणी नाही." ती अगदी हळव्या आवाजात बोलली. या खेपेला बायका हसल्या त्या दुसऱ्या बाजूने. वन्संनी लेसिएलीला जवळ ओढलं आणि तिची कॉलर वर केली.

एका शनिवारी वन्सं दवाखान्यात गेल्या होत्या आणि लेसिएली अंगणात एकटीच होती. तोआकासेने डबा ओट्यावर ठेवला, पोरीला नळाशी बसवलं आणि नारळाची शेंडी घेऊन तिची मान घासायला लागली.

"आई, मी रोज घासते," पोर म्हणाली.

"घासतेस तर हे काय आहे? कोळशात लोळतेस?"

"आत्यापण घासते. निघत नाही."

"आत्याच्यानं काय निघतंय."

ती घासत राहिली. साबण लावला, पुन्हा घासलं. मान तांबडी झाली, मग एका जागी रक्त आलं, पण काळं काही हटेना. लेसिएली ओठ दाबून रडत होती. पाच वर्षांत आईने तिला इतका वेळ हात लावला नव्हता, म्हणून ती पळाली नाही. शेवटी तोआकासेने शेंडी फेकली आणि म्हणाली, "घरी आलीस की आठ दिवसांत काढते बघ." पोरीने उठून नळालाच तोंड लावलं आणि पाणी प्यायली, प्यायली, थांबली आणि पुन्हा प्यायली.

त्यानंतर दोन महिन्यांनी, एका सोमवारी सकाळी, वन्संचा निरोप आला. लगेच ये. केपुएलीच्या तोंडचं पाणी पळालं. तोआकासेने त्याला शांतपणे सांगितलं, चांगल्या चटया काढून ठेव, मयताला द्यायला लागतील. मग तिने कोपऱ्यातली छोटी खाट पुसली, तिच्यावर फुलाफुलांची चादर घातली, आणि काळा पोशाख घालून निघाली.

वन्सं अंगणात फणसाच्या सावलीत बसून पपई चिरत होत्या. ताठ बसल्या होत्या. डोळे लख्ख, पायाची जखम भरलेली. शेजारी ती निळी पिशवी होती, फ्रॉक भरलेली, आणि पिशवीशेजारी लेसिएली. तोआकासेचा काळा पोशाख त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिला.

"कोण गेलं गं?"

"कुणी नाही, वन्सं."

"बैस. पोरीला घेऊन जा. तुझी तुला परत देतेय."

तोआकासेला आपण काय ऐकलं ते कळेना. वन्सं सुरी पुसत सांगू लागल्या. शाळेत नर्स आली होती, सगळ्या पोरांची बोटं टोचली. लेसिएलीला साखर निघाली. थोडीथोडकी नाही, माझ्यापेक्षा जास्त. रात्रीतून पाच वेळा उठते, हंडाभर पाणी पिते, वर्गात झोपते. आता रोज सुई टोचायची, रोज मोजायचं. माझ्या म्हाताऱ्या हातांना ते झेपणार नाही.

"आणि ती मान," वन्सं म्हणाल्या. "नर्स म्हणाली, तो मळ नव्हे. आतली साखरच अशी वर येते. तू पोरीची सालटी काढलीस त्या दिवशी. मी काही बोलले नाही, म्हटलं आई आहे."

तोआकासेने विचारलं, "पण वन्सं, तुम्ही... विंग्ज..."

"मी?" वन्संना हसू आलं. "पहिल्या दिवशी दोन खाल्ले. त्या आठवड्यात दुसरं बोटही काळं पडायला लागलं, तेव्हा घाबरले आणि सगळं सोडलं. पुढच्या शनिवारी तू न मागता दुप्पट घेऊन आलीस. तेव्हा उमगलं मला. पोरीला सरळ खाऊ दिलास तर मी बोलेन, अशी तुला भीती. म्हणून माझ्या नावाने पाठवतेस. मी वाईट आहे, तोआ, मला माहीत आहे. तुझी पोर आणली, तुला चारचौघींत नको ते बोलले. पण आईने पाठवलेला घास लेकराच्या तोंडचा काढीन इतकी वाईट नाही. एकेक तुकडा तिलाच घातला. समोर बसवून. पुरे म्हणाली तरी म्हटलं, आईने पाठवलंय, टाकायचं नाही."

लेसिएलीने मान डोलावली.

"नर्स विचारत होती, हिला खायला काय देता," वन्सं म्हणाल्या. "मी सांगितलं, हिची आई गोदामात आहे. ती मागचं बारीक वाचल्याशिवाय घरात काही आणत नाही."

बोलायला तोआकासेकडे एकच वाक्य होतं, आणि ते बोलायची तिची छाती नव्हती. तिने निळी पिशवी उचलली. पाच वर्षांपूर्वी नेली होती तेव्हा ती हलकी होती.

कुंपणापाशी केपुएली उभा होता. मुलीला पाहून तो रडलाच. "दिली ताईने? खरंच दिली? बघ, तुझ्या सेवेचं फळ आहे हे." तोआकासे हो म्हणाली.

घरी आल्या आल्या लेसिएली पाणी प्यायली, छोट्या खाटेवर बसून पाहिलं, मग फ्रीज उघडला. वरच्या कप्प्यात पुढच्या शनिवारच्या दोन तांबड्या पिशव्या होत्या. एक तिने बाहेर काढली, उलटी केली आणि शाळेतला धडा आईला वाचून दाखवावा तसं बोट ठेवून वाचलं.

"एका वेळचं खाणं, चार तुकडे," ती म्हणाली, आणि आईकडे बघून हसली. "चारच? आत्या मला सगळे द्यायची."