घटाला बसलेला कप

माझी नणंद तारामती हिचं लग्न झालं ते १९४९ साल. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनला वर्ष होत आलं होतं. सासूबाईंनी, म्हणजे सावित्रीबाईंनी, घरातली बरी भांडी तिच्या रुखवतात घातली. त्यात पूजेचा तांब्याचा कलशही गेला. नवरात्र आलं, तर घट बसवायला भांडं नाही.

आमच्या गौलीगुड्याच्या घरात चांदीचं एकच भांडं होतं: यांच्या कचेरीचा कप. यांच्या संघाने रस्सीखेचीत जिंकलेला. पुढच्या वर्षी जिंकणाऱ्याला तो द्यायचा होता.

सासूबाईंना कप म्हणजे चहाचा, चिनी मातीचा, ओवळा. त्यांनी हा फिरवून पाहिला.

"याला दोन कान कशाला रे?"

"हा चहाचा नाही, आई. मिरवायचा."

"मिरवायचा तर देवापुढे मिरवू दे."

हे कचेरीत गेले. सासूबाईंनी कप चिंचेने घासला, पाणी भरलं, पानं लावून वर नारळ ठेवला, भोवतीच्या मातीत धान्य पेरलं. बसलेला घट दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत.

आणि यंदाची रस्सीखेच नेमकी पंचमीला. निजामाच्या वेळच्या जुन्या नोकरांत कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, हे मद्रासहून आलेले नवे साहेब ठरवत होते. यांचं नाव अजून लटकलेलं होतं. यांचा संघ हरला, आणि यांच्या कचेरीतले नामदेवराव कप न्यायला धावत आले.

"काकू, कप द्या. साहेब मैदानात ताटकळलेत. हिम्मतरावांची नोकरी जाईल."

"घट उठवून घर बुडवू? त्यांनाच इथे बोलवा."

"ते मद्रासचे साहेब आहेत, काकू."

"मद्रासेत नवरात्र नसतं होय?"

साहेब खरंच आले, दोन्ही संघ घेऊन. दारात चपलाबुटांचा ढीग पाहून शेजारी कोण गेलं म्हणून विचारायला आले. साहेबांनी हात जोडले आणि घटापुढे इंग्रजीत भाषण केलं. जिंकलेल्या संघाच्या कप्तानाने आपल्या कपाला लांबूनच नमस्कार केला. सासूबाईंनी सगळ्यांना कुंकू लावलं.

"आणि आमच्या हिम्मतचं काय, विचारा," त्या नामदेवरावांना म्हणाल्या.

नामदेवरावांनी चाचरत विचारलं. साहेब हसले.

"घट उठू दे, म्हणतात. मग ठरवतील," नामदेवरावांनी सांगितलं.

दसरा आला. सासूबाईंनी घट उठवला नाही.

"कोंब अजून मनासारखे आले नाहीत," त्या म्हणाल्या.

साहेब बदलून गेले, दुसरे आले. त्यांनाही तेच सांगितलं. दर वर्षी जिंकलेला संघ आमच्याकडे येऊन नमस्कार करून, फुटाणे खाऊन जायचा. हे नोकरीत राहिले.

सावित्रीबाई १९५६ च्या श्रावणात वारल्या; घट तोवर उठला नव्हता.